सांगाडा ताठ, चाल मऊ: घरच्या घरी चासी ब्रेसिंग आणि सस्पेन्शनचं काम

गाडीच्या सस्पेन्शनला हात घालायचं मनात आलं की पहिली ओढ असते ती कडक स्प्रिंगची, ब्रेसिंगची, म्हणजे सांगाड्याला दांडे-पट्ट्या लावून तो ताठ करण्याची, नाही. वळणावर गाडी झुकते, मग स्प्रिंग कडक करू, असा सरळ हिशेब. तो अर्धाच खरा आहे. स्प्रिंग आणि शॉकअप ज्या सांगाड्याला टेकलेले असतात तो सांगाडाच थोडाथोडा पिळत असेल, तर शॉकअपला आपलं काम नीट करताच येत नाही. डळमळत्या टेबलावर तराजू ठेवून सोनं तोलण्यासारखं ते आहे. तराजू कितीही चांगला असो, काटा ठरत नाही.

म्हणून सांगाड्याचा ताठपणा आणि चालीचा कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी मनात पक्कं करा. सांगाडा जितका ताठ, तितकी स्प्रिंग मऊ ठेवूनही गाडी ताब्यात राहते. खड्डा लागला तर तो चाकाने आणि शॉकअपने पचवायचा, बॉडीने नाही. हे एकदा समजलं की कोणता भाग आधी घ्यायचा, कोणता नंतर आणि कोणता मुळीच नाही, हे ठरवणं बरंच सोपं होतं.

ज्यांनी आजवर फार तर चाक, ऑइल किंवा ब्रेक पॅड बदललेत, पण सस्पेन्शनचा बोल्ट कधी सोडलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. कामं सोप्याकडून अवघडाकडे लावली आहेत. हा क्रम मोडू नका. वरचं काम हाताला बसल्याशिवाय खालच्याकडे वळू नका.

पिळवट कुठून येते

पूर्वीच्या मोटारींना शिडीसारखी वेगळी चासी असायची आणि बॉडी तिच्यावर बसवलेली असायची. ट्रकना आणि काही दणकट गाड्यांना आजही तशी असते. १९२२ च्या लान्सिया लॅम्ब्डाने बॉडीलाच चासी केलं आणि १९३४ च्या सित्रोएन ट्रॅक्शन अवाँने ती रचना मोठ्या संख्येने रस्त्यावर आणली. आपण चालवतो त्यातल्या बहुतेक गाड्या याच घराण्यातल्या. पत्र्याच्या पोकळ पेट्या, खांब, फरशी आणि छप्पर वेल्ड करून केलेला एकच डबा. दारं, काचा आणि डिकीसाठी या डब्याला मोठाली भोकं पाडलेली असतात, आणि डबा पिळतो तो त्या भोकांपाशी.

पिळाला बॉडी किती विरोध करते ते न्यूटन-मीटर प्रति अंश या मापात सांगतात. अलीकडच्या बंद छपराच्या अनेक गाड्यांत हा आकडा २०,००० च्या घरात किंवा त्याच्या वर असतो. म्हणजे गाडीचं एक टोक धरून दुसऱ्या टोकाला तेवढा पीळ दिला तर ती एक अंश वळेल. छप्पर कापलं की हा आकडा धाडकन खाली येतो. उघड्या गाड्यांच्या पोटाखाली जाड आडव्या पट्ट्या दिसतात त्या याचसाठी.

आपली गाडी कितपत पिळते याचा अंदाज घरी घेता येतो. सपाट जागी पुढचा एकच कोपरा जॅकने इतका उचला की चाक जेमतेम सुटेल. मग त्या बाजूचं दार हळूच उघडून बंद करा. दाराभोवतीची फट वर-खाली वेगळी दिसू लागली किंवा दार कुलपापाशी घासू लागलं, तर बॉडी मऊ आहे. फरक फारच दिसला तर ताठपणासाठी दांडे-पट्ट्या विकत घ्यायच्या आधी दाराखालची सिल आणि जॅक लावायच्या जागा गंजल्यात का ते बघा. गंजलेल्या पत्र्याला नटबोल्टची पट्टी वाचवू शकत नाही. आधी तो पत्रा दुरुस्त व्हायला हवा.

नव्या, ताठ बॉडीच्या गाडीला स्ट्रट बार (बोनेटखालचा आडवा दांडा, पुढे येतोच) लावून फरक जाणवला नाही तर त्यात नवल नाही. जुनी, मऊ, मोठ्या दारांची किंवा उघडी गाडी असेल तर मात्र पहिल्याच वळणावर स्टीअरिंगमधून कळतं. स्वतःच्या गाडीकडे या नजरेने बघा आणि मगच खर्च करा.

वेल्डिंगचा मोह घरी टाळा. आजच्या बॉडीत जागोजागी जास्त ताकदीचं पोलाद वापरतात आणि उष्णतेने त्याची ताकद उतरते. शिवाय अपघातात पुढचा भाग ठरलेल्या पद्धतीने चुरगळावा अशी त्याची आखणी असते. तिथे मनाने पट्टी जोडली तर धक्का भलत्याच वाटेने आतल्या माणसांपर्यंत पोचू शकतो. जे मूळच्या भोकांत, बोल्टने बसतं आणि पुन्हा काढता येतं, तेवढंच या लेखात आहे. असे बदल केलेले चालतात का, ते नोंदवावे लागतात का आणि विम्याला कळवावे लागतात का, हे भाग मागवण्याआधीच विचारून घ्या.

आधी थकलेलं बदला

नव्या भागांच्या आधी जुन्यांची हजेरी घ्या. टायर थंड असताना हवा मोजा. हे इतकं साधं आहे की बहुतेकांच्या हातून राहून जातं, आणि कमी हवेची गाडी वळणावर जितकी ढिली वाटते तितकी ती एखाद्या थकलेल्या बुशनेही, म्हणजे सांध्यातल्या रबरी उशीनेही, वाटत नाही.

मग गाडी जॅकवर घेऊन, स्टँडवर टेकवून, एकेक चाक हलवून बघा. वर आणि खाली धरून हलवल्यावर खुळखुळलं तर संशय बॉल जॉइंटवर (चाकाकडच्या गोळ्याच्या सांध्यावर) किंवा चाकाच्या बेअरिंगवर. डावीकडे-उजवीकडे धरून हलवल्यावर खुळखुळलं तर टाय रॉडवर (स्टीअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्यावर). लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून सांगाड्याशी जोडणाऱ्या आडव्या दांड्याचे, रबरी बुश टॉर्चच्या उजेडात नीट बघा, चीर गेलेली असते ती बहुतेक नळीच्या कडेला. शॉकअपवर तेलाचा नुसता धुरकट थर असेल तर घाबरू नका, पण ओघळ दिसला तर तो संपला. गाडीचा कोपरा दाबून सोडायची जुनी चाचणी फक्त पार मेलेला शॉकअप दाखवते. अर्धमेला शॉकअप त्यात पास होतो, म्हणून तिच्यावर विसंबू नका.

सत्तर-ऐंशी हजार किलोमीटर झालेल्या गाडीत मूळचेच चांगले शॉकअप, नवे बुश आणि नवे वरचे माउंट (शॉकअपच्या माथ्याची बैठक) घातले तर अनेकांना आणखी काही करावंसं वाटत नाही. मला हा सगळ्यात समाधानाचा अपग्रेड वाटतो.

हत्यारं आणि जॅक

गोटी पान्यांचा चांगला संच, रिंग पाने, लांब दांड्याचा ब्रेकर बार, एलन की, रबरी हातोडा, तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, खुणेसाठी पांढरा पेंट मार्कर, आणि टॉर्क रेंच. टॉर्क रेंच उधार आणा, पण त्याच्याशिवाय काम सुरू करू नका. तो फक्त घट्ट करण्यासाठी वापरायचा, सोडवण्यासाठी नाही. काम झालं की त्याचा आकडा सगळ्यात खाली आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग थकून पुढच्या वेळी खोटं माप देते.

गाडीच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. प्रत्येक बोल्टचा टॉर्क आणि कोणता बोल्ट एकदाच वापरायचा हे त्यातच सापडतं. काही बोल्ट घट्ट करताना मुद्दाम ताणले जातात, ते दुसऱ्यांदा वापरायचे नसतात. नायलॉनची कडी असलेल्या नटांचंही तसंच. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे असतात. पहिला आकडा शंभराने गुणला की तो बोल्ट किती मेगापास्कल ताण सोसून तुटेल ते कळतं, आणि बिंदूनंतरचा आकडा सांगतो की त्याच्या किती दशांशाला तो कायमचा लांबतो. म्हणजे ८.८ चा बोल्ट ८०० ला तुटतो आणि ६४० ला लांबतो. १०.९ च्या जागी हाताशी सापडला म्हणून ८.८ चा बोल्ट घालणं ही जीवघेणी काटकसर आहे.

आता सुरक्षितता. यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण इथली चूक दुरुस्त करता येत नाही. जागा सपाट आणि टणक हवी. मातीवर किंवा तापलेल्या डांबरावर स्टँड रुततो. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावा. चाकाचे नट गाडी खाली असतानाच अर्धा आटा सैल करा. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, गाडी पेलायचं काम स्टँडचं. विटा, काँक्रीटचे ठोकळे किंवा लाकडाच्या फळ्यांची चळत यांवर गाडी ठेवू नका, ते न सांगता फुटतात. स्टँडवर गाडी आली की अंगाने जोर लावून ती हलवून बघा. पडायची असेल तर तुम्ही बाहेर असताना पडू दे. काढलेलं चाक सिलखाली आडवं सरकवून ठेवा, आणि कोणाला तरी सांगून ठेवा की तुम्ही गाडीखाली आहात.

कामाच्या आदल्या रात्री ज्या ज्या बोल्टांना हात लावायचा आहे त्यांच्या बाहेर निघालेल्या आट्यांवरून तारेचा ब्रश फिरवा आणि स्प्रे मारा. सकाळचे दोन तास वाचतात. बसवताना मात्र आटे पुसून कोरडे करा. मॅन्युअलमधला टॉर्क सहसा कोरड्या आट्यांचा असतो. तेलकट आट्यावर तोच आकडा लावला तर बोल्ट हवा त्यापेक्षा जास्त ताणला जातो.

पहिलं काम: पुढचा स्ट्रट बार

बोनेट उघडल्यावर दोन्ही बाजूंना दिसणारे गोल उंचवटे म्हणजे स्ट्रट टॉवर. मॅकफर्सन पद्धतीच्या सस्पेन्शनमध्ये शॉकअप आणि स्प्रिंगच्या एकत्र जोडाचा, म्हणजे स्ट्रटचा, माथा इथे टेकतो, आणि वळणावर चाकावर येणाऱ्या बाजूच्या जोराचा वाटा या माथ्यापर्यंत पोचतो. दोन टॉवर एकमेकांच्या मानाने हलू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये टाकलेला दांडा म्हणजे स्ट्रट बार.

बार निवडताना रंगावर जाऊ नका. दांडा शक्य तितका सरळ हवा, कारण वाकवलेला दांडा जोर आल्यावर आणखी वाकतो. टॉवरवर बसणारी पट्टी जाड हवी, आणि दांडा तिच्याशी वेल्ड केलेला किंवा किमान दोन बोल्टांनी जोडलेला हवा. एकाच बोल्टवर बिजागरीसारखा फिरणारा दांडा ओढ-दाब रोखतो, पण पट्टीचं वळणं रोखत नाही.

हे काम गाडी चारही चाकांवर उभी असताना करायचं. वजन चाकांवर असलं की शॉकअप वर दाबलेला राहतो. गाडी जॅकवर घेऊन वरचे सगळे नट काढले तर स्ट्रटचा माथा टॉवरमधून खाली सुटतो. टॉवरवर कडेला दोन, तीन किंवा चार नट असतात, तेवढेच काढायचे. मधोमध असलेल्या मोठ्या नटाला हात लावायचा नाही. तो दाबलेल्या स्प्रिंगला धरून असतो, आणि तो सुटला तर स्प्रिंग माणसाचा जीव घेऊ शकते. नवशिक्या मित्राला शेजारी उभं करून हे काम दाखवलं तर पहिलं बोट या नटाकडे दाखवा आणि हा कधी सोडायचा नाही ते सांगा.

एका बाजूचे कडेचे नट काढा, टॉवरचा माथा पुसा, पट्टी बसवा, नट हाताने लावा. मग दुसरी बाजू. दांडा जागेवर आला की आधी सगळे नट हातानेच बसवा, मग टॉवरचे नट मॅन्युअलच्या टॉर्कला घट्ट करा. हे नट लहान असतात, आकडा बहुतेक गाड्यांत २० ते ५० न्यूटन-मीटरमध्ये कुठेतरी पडतो. हाताच्या जोरावर विसंबलात तर स्टड तुटतो. दांड्याची लांबी फिरवून जुळवता येत असेल तर ती ढील संपेपर्यंतच फिरवा. टॉवर ताणून किंवा दाबून धरायचे नाहीत, नाहीतर चाकांचा कोन उगाच बदलतो.

बोनेट आपटून बंद करण्याआधी दांड्याच्या सगळ्यात उंच जागांवर मुलांच्या खेळातल्या मातीच्या गोळ्या चिकटवा आणि बोनेट हळूच टेकवा. गोळी किती चेपली त्यावरून फट कळते. इंजिनही जोर लावताना हलतं, म्हणून इंजिनच्या वरच्या भागापासून दांडा किमान १० ते १५ मिमी दूर हवा.

खालचे ब्रेस

पोटाखालच्या पट्ट्या लोअर आर्मच्या मुळाशी असलेल्या जागा एकमेकींना जोडतात. माझ्या अनुभवात वरच्या बारपेक्षा यांचा फरक जास्त जाणवतो, कारण टायरचा बाजूचा जोर आधी याच जागी येतो. बसवणं अवघड नाही, पण एक पथ्य आहे. पट्टी सबफ्रेमच्या (बॉडीखाली बोल्टने बसवलेल्या, लोअर आर्म धरणाऱ्या चौकटीच्या) मूळ बोल्टांवर बसत असेल तर एका वेळी एकच बोल्ट काढा, पट्टीतून घालून परत लावा, मगच दुसरा. सगळे एकदम काढले तर सबफ्रेम खाली येते किंवा सरकते, आणि तिच्याबरोबर पुढच्या चाकांची सगळी मापं सरकतात. सुरुवात करण्याआधी सबफ्रेम आणि बॉडीच्या जोडावर पेंटची रेघ ओढून ठेवा.

पट्टीच्या जाडीमुळे मूळ बोल्ट आखूड पडू शकतो. बोल्टचा जितका व्यास तितकी लांबी तरी आट्यांत गेलेली हवी. कमी जात असेल तर त्याच दर्जाचा, जास्त लांबीचा बोल्ट घ्या. पट्टी एक्झॉस्टला किंवा ब्रेकच्या नळीला टेकत नाही ना, आणि जमिनीपासून पुरेशी वर आहे ना, हेही बघा.

अँटी-रोल बार

गाडीचं झुकणं कमी करायला स्प्रिंगआधी डाव्या-उजव्या चाकांच्या सस्पेन्शनला जोडणारा हा बार बदला. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर तो नुसता फिरतो आणि चाल मऊच राहते. एकच चाक वर गेलं किंवा गाडी झुकली की तो पिळतो आणि विरोध करतो. भरीव बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून २० मिमीच्या जागी २२ मिमीचा बार घातला तर व्यास दहा टक्के वाढूनही ताठपणा ४६ टक्क्यांनी वाढतो. जाड म्हणजे चांगला या समजाला इथे आवर घाला.

कोणत्या टोकाचा बार बदलता यावर गाडीचा स्वभाव ठरतो. पुढचा जाड केला तर वळणावर गाडीचं नाक बाहेर जाऊ लागतं. मागचा जाड केला तर नाक आत वळतं, पण ओल्या रस्त्यावर ॲक्सिलरेटरवरून अचानक पाय उचलला तर मागचा भाग सुटायची शक्यता वाढते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला मागचा थोडा जाड बार छान मानवतो. थोडाच. बारच्या टोकाला दोन-तीन भोकं असतील तर टोकाकडचं भोक मऊ आणि आतलं कडक. सुरुवात मऊ भोकापासून करा आणि महिनाभर त्यावर चालवा.

बसवताना दोन्ही बाजूंची चाकं सारख्या उंचीवर ठेवा, दोन्ही लोंबती किंवा दोन्ही जमिनीवर. एकच बाजू उचलली तर बार पिळलेला राहतो आणि लिंक रॉडचा (बारचं टोक सस्पेन्शनला जोडणाऱ्या काडीचा) बोल्ट निघताना झटका देतो. लिंक रॉडचा नट सोडवताना आतला खिळा सोबत फिरू लागतो. त्याच्या टोकात एलन कीची जागा असते, ती धरून ठेवा आणि नट रिंग पान्याने फिरवा. नव्या बुशमध्ये पाकिटातलंच ग्रीस लावा, बहुधा ते सिलिकॉनचं असतं. साधं पेट्रोलियम ग्रीस रबराला खातं.

स्प्रिंग आणि शॉकअप

हे सगळ्यात मोठं काम. पहिल्यांदा करताना पूर्ण दिवस राखा आणि एका दिवशी एकच एक्सल, म्हणजे पुढची किंवा मागची जोडी, घ्या. दुसरी बाजू न उघडता ठेवली तर अडल्यावर बघायला नमुना राहतो.

स्प्रिंग किती खाली आणायची याबद्दल माझं मत सावध आहे. २० ते ३० मिमीपर्यंत ठीक. मॅकफर्सन सस्पेन्शनमध्ये त्याहून खाली गेलात की लोअर आर्मचं बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा वर चढतं. मग गाडीचा रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती ती झुकते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो आणि खाली आणलेली गाडी उलट जास्त झुकू पाहते. शॉकअपची वरची धावही संपत येते आणि प्रत्येक खड्ड्यात तो बंप स्टॉपवर, म्हणजे धाव अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, आदळतो. मूळ स्प्रिंग कापणं तर सोडूनच द्या. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि गाडी लोंबती झाली की स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. कडक स्प्रिंगला तिच्या जोडीचा शॉकअप लागतो, मूळचा मऊ शॉकअप तिची उसळी आवरू शकत नाही. म्हणून दोन्ही एकाच संचातले घ्या.

काहीही सोडण्याआधी चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही ठिकाणी मोजून कागदावर लिहा. जमिनीपासून मोजू नका, टायरच्या हवेने ते बदलतं. हा कागद पुढे फार उपयोगी पडतो.

चाक काढा. ब्रेकचा होज आणि एबीएसची तार स्ट्रटच्या कडीतून सोडवा. स्ट्रट जिथे नकलला (चाकाचं बेअरिंग धरणाऱ्या भागाला) दोन बोल्टांनी जोडलेला असतो तिथे जोडाभोवती आणि बोल्टच्या डोक्यावर पेंटने खुणा करा, चाकाचा कॅम्बर, म्हणजे आत-बाहेरचा उभा कल, या बोल्टांवर ठरतो. लिंक रॉड सोडा. लोअर आर्मखाली जॅकचा हलका आधार द्या आणि मग दोन्ही बोल्ट काढा. नकल बाहेर कलंडू देऊ नका. होज ताणला जातो, आणि चाकाला इंजिनचा जोर देणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटू शकतो. नकल वरून तारेने बांधून ठेवा, कॅलिपर काढावा लागला तर तोही तारेने टांगा, होजवर कधीच नाही. आता एका हाताने स्ट्रट धरून वरचे कडेचे नट काढा, स्ट्रट खाली येईल.

आता स्प्रिंग दाबायची. स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर दणकट घ्या. त्याचे दोन्ही दांडे समोरासमोर, शक्य तितकी जास्त वेटोळी पकडतील असे लावा. दोन्ही बाजू आलटून पालटून थोड्या थोड्या घट्ट करा, हाताच्या पान्याने. स्ट्रटची टोकं स्वतःकडे किंवा कोणाकडेही रोखलेली नकोत. स्प्रिंग बैठकीत सैल फिरू लागली की मगच मधला नट सोडा, आणि ही एकमेव वेळ जेव्हा तो सोडायचा असतो. हे काम करायचं मन होत नसेल तर अजिबात संकोच करू नका. स्ट्रट बाहेर काढून गॅरेजमध्ये न्या, स्प्रिंग तिथे बदलून घ्या आणि परत आणून स्वतः बसवा. निम्म्याहून अधिक काम तरी तुमच्याच हातून होतं.

दुहेरी नळीचा नवा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा हळू पूर्ण दाबा आणि सोडा, म्हणजे आडवा पडून आत शिरलेली हवा वर येते. त्यानंतर तो उभाच ठेवा. वरचं माउंट आणि त्याचं बेअरिंग नवं घाला, दोन्ही स्वस्त भाग आहेत आणि पुन्हा हे सगळं खोलायची वेळ टळते. स्प्रिंगचं टोक बैठकीतल्या पायरीला टेकलेलं हवं. मधला नट हाताच्या पान्यानेच, मॅन्युअलच्या टॉर्कला घट्ट करा. इम्पॅक्ट गनने (नट झटक्यांनी फिरवणाऱ्या यंत्राने) दांडा गरगर फिरतो आणि सील चिरतं. मग काढल्याच्या उलट क्रमाने सगळं परत लावा आणि पेंटच्या खुणा जुळवा.

मागच्या बाजूला अनेक गाड्यांत स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात. तिथे बीमखाली (मागची दोन चाकं जोडणाऱ्या तुळईखाली) जॅक लावून दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढायचे आणि बीम हळूहळू उतरवायची. स्प्रिंग बहुधा हाताने निघते. ब्रेकच्या होजकडे आणि हेडलाइटची उंची सांभाळणाऱ्या सेन्सरच्या काडीकडे लक्ष असू द्या.

बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर असताना

या एका ओळीसाठी लेख लिहिला असं म्हटलं तरी चालेल. रबरी बुश बाहेरच्या आणि आतल्या नळीला चिकटवलेला असतो. बोल्ट घट्ट केला की आतली नळी जखडली जाते, आणि आर्म वर-खाली होताना रबर स्वतः पिळतं. चाक लोंबत असताना बोल्ट घट्ट केला आणि मग गाडी खाली घेतली, तर उभी असतानाच रबर पिळलेलं राहतं. पहिल्यांदा लोअर आर्म बदलले तेव्हा मी हीच चूक केली. काही महिन्यांत नवेकोरे बुश कडेला फाटले, आणि तोवर गाडी ठरल्या उंचीपेक्षा वर उभी राहत होती. कारण कळायला मला फार वेळ लागला.

म्हणून बुशमधून जाणारे सगळे बोल्ट आधी फक्त हाताने बसवा. नंतर गाडी चाकांवर घेऊन टॉर्क द्या. खाली हात पोचत नसेल तर बॉल जॉइंटखाली जॅक लावून चाकाचं केंद्र गाडी उभी असतानाच्या उंचीला आणा. उंची तशीच ठेवली असेल तर कागदावरचं माप घ्या. स्प्रिंग खाली आणली असेल तर ती जितकी खाली आली तितकं त्यातून वजा करा. हे करताना दुसऱ्या बाजूच्या स्टँडवरून गाडी सुटत नाही ना, ते बघत राहा.

पॉलियुरेथेनच्या बुशला हा नियम लागत नाही, कारण तो नळीवर मोकळा फिरतो. त्याला ग्रीस मात्र हवंच, नाहीतर तो कुरकुरतो. तो रस्त्याचा कंपही आत आणतो. रोजच्या गाडीत सगळीकडे पॉली घालू नका. अँटी-रोल बारच्या बुशला घालून बघा आणि मग ठरवा.

रस्त्यावर जाण्याआधी आणि नंतर

चाकाचे नट ताऱ्याच्या क्रमाने, म्हणजे एकानंतर समोरचा असे, टॉर्क करा. स्टीअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवून होज आणि तारा कुठे ताणत नाहीत ना ते बघा. घट्ट केलेल्या प्रत्येक नटावरून बॉडीपर्यंत पेंटची एक रेघ ओढा. नट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते.

उंची बदलली की टो, म्हणजे चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते, बदलतो आणि टायर भराभर झिजतो. घरी दोऱ्याने किंवा मोजपट्टीने पुढच्या दोन चाकांमधलं अंतर, एकदा पुढच्या कडेला आणि एकदा मागच्या कडेला, चाकाच्या मध्याच्या उंचीवर मोजा. दोन मापांत पाच-सहा मिमी फरक दिसला तर लांब चालवू नका, थेट अलाइनमेंटला न्या. थोडाच फरक असेल तर नव्या स्प्रिंग बसेपर्यंत शे-दीडशे किलोमीटर सावकाश चालवा आणि मग अलाइनमेंट करा. त्यानंतर स्टीअरिंगच्या कोनाचा सेन्सर पुन्हा शून्यावर आणावा लागतो का, हे तिथेच विचारा. तो चुकीचा राहिला तर गाडी सरळ जात असताना स्थिरता राखणारी यंत्रणा मध्येच ब्रेक लावू शकते. हेडलाइटचा झोतही भिंतीसमोर उभं राहून पाहून घ्या.

पहिली फेरी मोकळ्या, ओळखीच्या रस्त्यावर, रेडिओ बंद करून, काचा खाली करून काढा. आधी हळू वेगात स्टीअरिंग दोन्हीकडे फिरवत खडखड ऐकू येते का ते बघा. मग रिकाम्या जागी दोन-तीनदा ब्रेक. लहान उंचवट्यावरून जाताना टकटक आली तर पहिला संशय लिंक रॉडच्या नटावर, दुसरा वरच्या माउंटवर. स्टीअरिंग फिरवताना टणत्कार आला तर स्प्रिंग बैठकीत सरकते आहे. पुढे जाऊ नका, परत येऊन ती उघडा.

शंभर किलोमीटरनंतर पुन्हा खाली वाका, पेंटच्या रेघा बघा आणि ज्या बोल्टांना हात लावला त्या प्रत्येकावर टॉर्क रेंच ठेवा. पुढचा भाग घ्यायचा असेल तर त्याआधी महिनाभर याच सेटअपवर ऊन, पाऊस, रिकामी गाडी आणि भरलेली गाडी चालवून बघा. कागदावर तारीख, बदललेला भाग, चारही उंच्या आणि टायरची हवा लिहून ठेवा. एका वेळी एकच भाग बदलला असेल, तर गाडीच्या चालीत जो फरक पडला तो कशाचा आहे, हे त्या कागदावर सापडेल.